अ‍ॅबसिंथ कशी बनवतात, कशी पितात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अ‍ॅबसिंथचं नाव निघालं की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, ती पेटवून पितात. दोन, ती प्यायली की हिरव्या पऱ्या दिसतात. दोन्ही गोष्टींचा जुन्या पद्धतीशी काही संबंध नाही. अ‍ॅबसिंथ हे खरं तर पाण्याचं पेय आहे. पाणी किती, किती गार आणि किती हळू, एवढ्या तीन गोष्टी सांभाळल्या की बाकी सगळं सजावटीत जमा.

अ‍ॅबसिंथ म्हणजे नक्की काय?

वनस्पतींसोबत भट्टी लावून काढलेली कडक दारू. तीन घटक तिच्यात असायलाच हवेत: वर्मवूड नावाची कडू वनस्पती (शास्त्रीय नाव आर्टेमिसिया अ‍ॅबसिंथियम), अनिसचं बी आणि बडीशेप. अनिस म्हणजे बडीशेपेची धाकटी बहीण म्हणा. दाणा बारीक, वास जास्त गोड. या तिन्ही गोष्टी कडक अल्कोहोलमध्ये भिजत घालतात, मग पाणी घालून ऊर्ध्वपातन करतात. भट्टीतून उतरते ती दारू पाण्यासारखी स्वच्छ असते. ती तशीच बाटलीत भरली तर 'पांढरी' अ‍ॅबसिंथ. हिरवी हवी असेल तर तिच्यात छोटा वर्मवूड, हिसॉप आणि लेमन बाम या पानांचा दुसरा मुक्काम घडवतात. पानांतलं हरितद्रव्य उतरतं आणि रंग येतो. म्हणजे रंग पालेभाजीचाच, बाटलीतून घातलेला नव्हे. निदान चांगल्या अ‍ॅबसिंथचा तरी.

अल्कोहोलचं प्रमाण साधारण ४५ ते ७४ टक्के. आपल्याकडची व्हिस्की ४२.८ टक्क्यांची असते, त्यावरून अंदाज घ्या.

ही वनस्पती आपल्याकडे होते का?

हीच वनस्पती काश्मीरकडच्या डोंगरात होते आणि युनानी औषधांत 'अफसंतीन' या नावाने वापरतात. महाराष्ट्रात मात्र तिची चुलत बहीण आपल्या चांगल्या ओळखीची आहे: दवणा. जोतिबाला चैत्रात वाहतात तोच. दोघीही आर्टेमिसिया कुळातल्या. दवण्याचा वास गोडसर, वर्मवूडचा उग्र आणि कडवट, पण पान चुरडून नाकाशी धरलं तर नातं कळतं. वर्मवूडला जर्मनमध्ये 'व्हेर्मूट' म्हणतात, आणि मार्टिनीत घालतात त्या व्हर्मूथचं नाव त्यावरूनच आलं आहे.

ती मूळची कुठली?

स्वित्झर्लंडच्या नोशातेल परगण्यातल्या व्हाल-द-त्राव्हेर नावाच्या खोऱ्यातली. अठराव्या शतकाच्या शेवटी कुव्हे गावात ती औषधी अर्क म्हणून विकली जायची. पाककृती कुणाची, यावर तिथे अजून वाद घालतात. एक पक्ष ऑर्दिनेर नावाच्या फ्रेंच डॉक्टरचं नाव घेतो, दुसरा गावातल्या आंर्यो घराण्यातल्या बायकांचं. माझं मत बायकांच्या बाजूने, कारण औषधी काढे कोण उकळत होतं हे कुठल्याही गावात विचारा. १७९०च्या दशकाअखेर मेजर द्युबिए यांनी जावई आंरी-लुई पेर्नो यांच्यासह कुव्हेमध्ये कारखाना काढला. १८०५ मध्ये पेर्नो सीमा ओलांडून फ्रान्समधल्या पोंतार्लिएला गेले, आणि ते गाव शंभर वर्षं अ‍ॅबसिंथची राजधानी झालं.

जाता जाता एक गोष्ट. ११ ऑगस्ट १९०१ रोजी पोंतार्लिएच्या पेर्नो कारखान्यावर वीज पडली. आग भडकू नये म्हणून अ‍ॅबसिंथचा प्रचंड साठा दू नदीत सोडून दिला. पुढे काही किलोमीटरवर लू नावाच्या वेगळ्याच नदीच्या उगमाला बडीशेपेचा वास यायला लागला. लू ही दू नदीच्याच जमिनीखालून गेलेल्या पाण्यातून निघते, हे लोकांना असं कळलं. भूगोलाच्या कामी आलेली अशी दारू दुसरी मला माहीत नाही.

पारंपरिक पद्धत कोणती? पायरीपायरीने सांगा.

ग्लासात एक पेग, म्हणजे ३० मिली अ‍ॅबसिंथ घ्या. ग्लासच्या काठावर भोकं असलेला सपाट चमचा आडवा ठेवा आणि त्यावर एक चौकोनी साखरेचा खडा. आता बर्फाचं गार पाणी साखरेवर थेंब थेंब सोडायचं.

पहिले काही थेंब पडले की थांबा. साखर भिजू द्या, तिला ढासळायला वेळ द्या. मग पुन्हा थेंब सुरू करा, साधारण सेकंदाला एक. ग्लासच्या तळाशी तेलकट धाग्यांसारख्या रेघा फिरायला लागतात, मग धुरकट ढग उठतो आणि हळूहळू वर चढतो. शेवटी वर हिरव्या रंगाची एक पातळ पट्टी उरते. ती नाहीशी झाली की पेय तयार होत आलं. त्यानंतर धार थोडी वाढवली तरी चालते. हवं तेवढं पाणी झालं की चमच्यावर उरलेली साखर ग्लासात ढकला, ढवळा आणि प्या.

या सगळ्याला तीन ते पाच मिनिटं लागतात. मी पहिल्यांदा केलं तेव्हा चहात दूध ओततात तसं एका झटक्यात पाणी ओतलं होतं. पेय बिघडलं नाही, पण वास दबून राहिला आणि बघण्यासारखं काही घडलंच नाही. थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण आपण बचतीसाठी राखून ठेवली आहे. इथे ती शब्दशः लागू पडते.

पाणी सोडणाऱ्या यंत्राबद्दल आणखी एक. पॅरिसच्या कॅफेंत टेबलावर काचेचं उंच भांडं असे, खाली दोन, चार किंवा सहा छोट्या तोट्या. त्यात बर्फ आणि पाणी. देवाची माफी मागून सांगतो, महादेवाच्या पिंडीवर टांगलेली गळती डोळ्यांसमोर आणा. तत्त्व तेच: थेंब तुटू नये आणि धार लागू नये.

पाणी घातल्यावर ती दुधाळ का होते?

अनिस आणि बडीशेपेतलं अनेथोल नावाचं सुगंधी तेल अल्कोहोलमध्ये विरघळतं, पाण्यात विरघळत नाही. पाणी वाढलं की अल्कोहोलला ते तेल धरून ठेवता येत नाही. मग ते अतिसूक्ष्म थेंबांच्या रूपाने बाहेर पडतं आणि त्या थेंबांवरून प्रकाश विखुरतो. डेटॉलचं झाकण बादलीत ओतल्यावर पाणी पांढरं होतं ना, तसाच प्रकार. (वासाची तुलना मी करत नाहीये.) फ्रेंचमध्ये या गढुळण्याला 'लूश' म्हणतात. ग्रीसची उझो, तुर्कस्तानची राकी, लेबनॉनचा अराक, सगळ्यांचं असंच होतं, कारण सगळ्यांत अनेथोल असतं.

हळू ओतण्यामागचं कारणही इथेच आहे. वेगवेगळी तेलं अल्कोहोलच्या वेगवेगळ्या प्रमाणाला बाहेर येतात. पाणी हळूहळू वाढलं तर वास एकामागून एक उलगडतात: आधी अनिस, मग डोंगरी गवतासारखा वर्मवूड, मग कुठेतरी लिंबाळ छटा.

साखर हवीच का?

नाही. लोकांना वाटतं की अ‍ॅबसिंथ कडूजहर असते आणि साखर तो कडवटपणा मारते. पण वर्मवूडमधलं सर्वांत कडू द्रव्य, अ‍ॅबसिंथिन, भट्टीत वाफेबरोबर वर येत नाही. ते तळाशी राहतं. म्हणून नीट गाळलेली अ‍ॅबसिंथ जिभेवर फक्त किंचित कडवट लागते. एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच लोकांना गोड आवडायचं आणि बऱ्याच दारूचा दर्जाही यथातथाच होता, म्हणून साखर आली आणि राहिली. गुढीपाडव्याला कडुलिंबाबरोबर गूळ येतो तेवढी ही जोडी अपरिहार्य नाही.

पहिला घोट बिनसाखरेचा घेऊन बघा. हवी वाटली तर अर्धा खडा पुरतो.

पाणी किती घालायचं?

एका भागाला तीन ते पाच भाग. ६८ टक्क्यांच्या ३० मिलीत चौपट, म्हणजे १२० मिली पाणी घातलं तर पेय साडेतेरा टक्क्यांवर येतं. म्हणजे वाइनइतकं. ५३ टक्क्यांच्या बाटलीला तिप्पट पाणी पुरतं. तिप्पट झालं की एक घोट चाखा, मग पुढचं ठरवा. जास्त घातलेलं पाणी परत काढता येत नाही, हे कालवणाच्या मिठासारखंच.

निट, म्हणजे पाणी न घालता, कधीच पिऊ नये. त्यात मर्दुमकी नाही, जीभ बधिर होते आणि चव कळत नाही.

ग्लासात बर्फ टाकला तर?

जुन्या पद्धतीत बर्फ पाण्याच्या भांड्यात, ग्लासात नाही. ग्लासात बर्फ टाकला तर तो वितळत राहतो आणि प्रमाण तुमच्या हातात राहत नाही. अपवाद न्यू ऑर्लिन्सचा. तिथे बोर्बन स्ट्रीटवरच्या ओल्ड अ‍ॅबसिंथ हाउसमध्ये चुरलेल्या बर्फावर अ‍ॅबसिंथ ओतून 'फ्राप्पे' देतात. मे महिन्यात नागपूरला असाल तर मी तुम्हाला अडवणार नाही.

खास चमचा, खास ग्लास, तोट्यांचं भांडं, हे सगळं घ्यावं लागेल का?

मुळीच नाही. भोकांचा चमचा १८८०च्या आसपास रुळला. त्याआधीची पन्नास-साठ वर्षं लोक त्याच्याशिवाय पीतच होते. १८८९ मध्ये आयफेल टॉवर उभा राहिला तेव्हा त्याच्या आकाराचे चमचेही निघाले, ते आज संग्राहकांकडे महाग मिळतात. घरी जेवणाचा काटा ग्लासवर आडवा ठेवा, साखर त्यावर बसते. पाण्यासाठी छोट्या तोंडाचा तांब्या किंवा कॉफीची किटली, हात स्थिर असला की झालं.

ग्लासबद्दल मात्र एक गोष्ट उपयोगाची आहे. पोंतार्लिए पद्धतीच्या ग्लासला तळाशी फुगीर कप्पा असतो. दारू तिथपर्यंत भरली की माप बरोबर. साध्या ग्लासला बाहेरून रबर बँड लावलात तरी तेच काम होतं.

ब्रुईयर नावाचं एक गमतीदार उपकरणही होतं: ग्लासवर बसणारी, तळाला बारीक भोक असलेली वाटी. त्यात बर्फ, साखर आणि पाणी टाकायचं आणि गप्पा मारत बसायचं. दुसरी एक जुनी पद्धत दोन ग्लासांची: मोठ्या रिकाम्या ग्लासात अ‍ॅबसिंथ भरलेला छोटा ग्लास ठेवायचा आणि छोट्यात पाणी सोडत राहायचं. तो भरून सांडतो, आणि छोट्या ग्लासात नुसतं पाणी उरलं की मोठ्यात पेय तयार.

स्विस लोकही असंच पितात का?

तिथे थाट कमी. व्हाल-द-त्राव्हेरमध्ये बहुतेक 'ला ब्ल्यू' पितात, म्हणजे बिनरंगाची अ‍ॅबसिंथ, जी पाण्यात निळसर झाक मारते. चमचा नाही, बऱ्याचदा साखरही नाही. थंड पाण्याचा जग घ्यायचा आणि बारीक धार सोडायची.

हा साधेपणा बंदीतून आला. स्वित्झर्लंडमध्ये ७ ऑक्टोबर १९१०पासून अ‍ॅबसिंथ बेकायदा होती, ती १ मार्च २००५पर्यंत. पण खोऱ्यातल्या भट्ट्या स्वयंपाकघरांत, न्हाणीघरांत चालूच राहिल्या. हिरव्या रंगाने पकडले जाऊ म्हणून पांढरी काढायची, आणि हातात चमचा दिसला तर पुरावा, म्हणून चमचा नको. जंगलातल्या झऱ्यापाशी बाटली लपवून ठेवायची, येणाऱ्याने तिथल्याच गार पाण्यात मिसळून प्यायची. ही चाल तिथे अजून टिकून आहे. १९८३ मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष फ्रान्स्वा मितराँ नोशातेलला आले तेव्हा मेजवानीत अ‍ॅबसिंथ घातलेला थंड सूफ्ले वाढला गेला. बातमी फुटली आणि आचाऱ्यामागे चौकशी लागली. एका भट्टीवालीबद्दल असं सांगतात की दंड ठोठावल्यावर तिने न्यायाधीशाला विचारलं, "पैसे आत्ता देऊ, की तुम्ही पुढची बाटली न्यायला याल तेव्हा?" खरंखोटं खोऱ्यालाच ठाऊक. मोतिए गावातल्या ज्या जुन्या कचेरीत या लोकांवर खटले चालायचे, तिथे २०१४पासून अ‍ॅबसिंथचं संग्रहालय आहे.

मग पेटवलेली साखर?

ती १९९०च्या दशकात चेक प्रजासत्ताकातल्या बारमध्ये सुरू झाली. तिथल्या स्वस्त बाटल्यांत अनिस जेमतेम, त्यामुळे पाणी घातलं तरी दुधाळ होत नसे. गिऱ्हाइकाला काहीतरी दाखवायला हवं, म्हणून साखर दारूत बुडवून काडी लावली. एकोणिसाव्या शतकातल्या चित्रांत, जाहिरातींत, पोस्टकार्डांत पाण्याचे जग दिसतात, ज्वाळा नाहीत. जळलेली साखर चव बिघडवते आणि ६० टक्क्यांच्या ग्लासाने पेट घेतला तर भुवया जातात.

भास होतात का?

नाही. संशय थुजोन या द्रव्यावर होता. वर्मवूडमध्ये ते असतं. फार मोठ्या मात्रेत त्याने फेफरं येऊ शकतं, पण भास होत नाहीत. फ्रेंच मानसोपचारतज्ज्ञ व्हालांतँ मान्याँ यांनी प्राण्यांना वर्मवूडचं शुद्ध तेल दिलं, त्यांना झटके आले, आणि त्यावरून 'अ‍ॅबसिंथिझम' नावाचा वेगळा आजार मांडला गेला. पण शुद्ध तेल आणि पाणी घातलेला पेग यांत किती अंतर आहे, हे कुणी धड विचारलं नाही. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत बंदीच्या आधीच्या १३ बाटल्या उघडल्या गेल्या. लिटरमागे थुजोन सरासरी २५ मिलिग्रॅमच्या आसपास निघालं. युरोपात आजची मर्यादा किलोमागे ३५ मिलिग्रॅम आहे. म्हणजे पणजोबांच्या काळची अ‍ॅबसिंथ आजच्या नियमातही जवळपास बसली असती. थुजोन बाधेल इतकं पोटात जायच्या कितीतरी आधी अल्कोहोल माणसाला आडवं करेल.

त्या काळी लोकांची तब्येत बिघडली ती अतोनात दारूने, आणि स्वस्त मालात रंगासाठी घातलेल्या तांब्याच्या क्षारांसारख्या भेसळीने.

मग बंदी का घातली?

फायलोक्सेरा किडीने फ्रान्सचे द्राक्षमळे उद्ध्वस्त केले, वाइन महागली आणि अ‍ॅबसिंथ मजुरांपर्यंत पोहोचली. वाइनवाल्यांना ती डोळ्यांत खुपत होती आणि दारूबंदीवाल्यांना एक सोपं लक्ष्य हवं होतं. २८ ऑगस्ट १९०५ रोजी स्वित्झर्लंडच्या कोम्युनी गावात जाँ लांफ्रे नावाच्या मजुराने गरोदर बायको आणि दोन मुलींना गोळ्या घातल्या. त्या दिवशी त्याने वाइन, ब्रँडी वगैरे मिळेल ते भरपूर ढोसलं होतं. बोभाटा झाला तो मात्र दोन ग्लास अ‍ॅबसिंथचा. १९०८च्या जनमत कौलाने स्विस बंदी आली, १९१२ मध्ये अमेरिकेने घातली, १९१५ मध्ये युद्धाच्या धामधुमीत फ्रान्सने. फ्रान्सने तो जुना कायदा रीतसर मागे घेतला २०११ मध्ये. ब्रिटन आणि स्पेनने बंदी कधी घातलीच नाही.

पॅरिसमध्ये तिचे आणखी काय प्रकार होते?

संध्याकाळी पाचच्या सुमाराला 'हिरवी वेळ' म्हणत. कॅफे भरायचे ते तेव्हा. पुदिन्याचं सरबत घातलं की 'पोपट', डाळिंबाचं ग्रेनाडिन घातलं की 'टोमॅटो'. चित्रकार तुलूझ-लोत्रेक अ‍ॅबसिंथमध्ये कोन्याक ही फ्रेंच ब्रँडी मिसळून 'भूकंप' प्यायचे. तो त्यांच्यासाठीच ठेवा. १८७५-७६च्या सुमाराचं, चित्रकार देगाचं कॅफेत बसलेल्या बाईचं प्रसिद्ध चित्र पाहिलंत तर त्या बाईसमोरच्या ग्लासातलं पेय दुधाळ आहे, म्हणजे पाणी आधीच घातलेलं. पिकासोने १९१४ मध्ये अ‍ॅबसिंथच्या ग्लासची शिल्पं केली, आणि त्यांवर खरे चमचे बसवले.

चांगली बाटली कशी ओळखायची?

मागचं लेबल वाचा. कृत्रिम रंग लिहिलेला असेल तर ठेवून द्या. खरा हिरवा रंग पोपटी असतो, सरबतासारखा झळझळीत नव्हे, आणि काळाबरोबर वाळक्या पानासारखा तपकिरी होतो. तो दोष नाही. उजेडाने हरितद्रव्य मरतं म्हणून बाटली गडद काचेची हवी. पाणी घातल्यावर ढग हळू उठला पाहिजे. लगेच कालवलेल्या चुन्यासारखी पांढरीफटक झाली तर बहुतेक चक्रीफुलाचा मारा आहे. आणि 'थुजोन जास्त!' अशी जाहिरात करणारी बाटली पर्यटकांसाठी असते.

परदेशातून येताना आणता येते का?

प्रवाशाला दोन लिटरपर्यंत दारू शुल्काशिवाय आणता येते. पण विमानात ७० टक्क्यांपेक्षा कडक दारू बॅगेतही चालत नाही, म्हणून ७२ टक्क्यांची सुंदर बाटली विमानतळावर सोडून यावी लागेल. ५३ ते ६८ टक्क्यांमधली घ्या. महाराष्ट्रात स्पिरिट पिण्यासाठी कायद्याने वय २५ लागतं आणि परवाना लागतो, हेही लक्षात असू द्या.

पास्टिस म्हणजेच अ‍ॅबसिंथ का?

नाही. बंदीनंतर फ्रेंचांनी वर्मवूड काढून टाकलेली जी अनिसची पेयं काढली, त्यांतलं ते एक. ज्येष्ठमध असतं, साखर आधीच घातलेली असते. म्हणून त्यात वेगळी साखर नको, फक्त पाणी.

घरी वोडकात वर्मवूड भिजवून अ‍ॅबसिंथ होते का?

होत नाही. भट्टीशिवाय अ‍ॅबसिंथिन तसंच उतरतं आणि काढा इतका कडू होतो की सात पिढ्यांचा ताप पळेल. थुजोन किती उतरलं याचाही पत्ता नसतो. इंटरनेटवर मिळणाऱ्या पुड्या घेऊ नका.

चकणा काय ठेवावा?

ही जेवणाआधी भूक लागावी म्हणून घ्यायची गोष्ट. खारे बदाम, ऑलिव्ह, फार तर साधे शेंगदाणे. लसणाचा चिवडा आणि शेजवान काहीही असेल तर अनिस बिचारं हरवून जातं.

उघडलेली बाटली किती टिकते?

वर्षानुवर्षं. बूच घट्ट लावा, कपाटात अंधारात ठेवा. फ्रिजमध्ये मात्र नको. फार गारव्याने अनेथोलचे पांढरे कण तळाशी बसतात. तसं झालंच तर बाटली कोमट पाण्यात थोडा वेळ उभी ठेवा आणि हलकी हलवा, ते परत विरघळतात.